सायीचा वेगळा डबा

दुधाचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल वाढलंय, साय काढलेलं दूध घ्या." आमच्याकडं मुकुंदवाडीत दौलताबादचे कडूबा अण्णा म्हशीचं दूध घालतात. पुढच्याच सकाळी त्यांना सांगितलं, "अण्णा, उद्यापासून साय काढून पातळ दूध द्या."

अण्णांनी माप खाली ठेवलं. "सर, पातळ दूध घातलं की लोक भांडतेत. अन् तुम्ही स्वतःहून मागायलात?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"बरं," म्हणाले, पण चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी बिनसायीचं दूध आलं आणि सोबत एक छोटा स्टीलचा डबा.

"हे काय, अण्णा?"

"तुमची साय. दूध तुमचं, तर साय मी कशी ठेवून घेऊ? आपल्याला हरामाचं पचत नाय."

इतक्या इमानदार माणसाला परत कसं पाठवायचं? डबा रोज यायला लागला.

परवा डॉक्टरांनी विचारलं, "दूध बदललं का?"

मी छातीठोकपणे म्हणालो, "लगेच बदललं. आता साय दुधात नसतेच. वेगळी खातो, साखर घालून."