शुक्रवारचा नळ

अंबरनाथ पश्चिमेला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची तरुण शेजारीण उभे होते.

"आण्णा, शुक्रवारी पाणी बंद असतं, तरी तुमचा नळ दिवसभर उघडाच असतो?"

"त्याच दिवशी उघडा ठेवतो, स्वप्नाली."

"येतं काय त्यातून?"

"नुसती हवा. फार लांबून आल्यासारखी वाजते."

"मग?"

"नळाला पाणी येतं ते बारवी धरणाचं, आणि आमचं गाव त्याच धरणात गेलं ना. पाणी असलं की त्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

"आणि हवेत काय ऐकू येतं?"

"काहीच नाही. पण ते काहीच नाही आमच्या गावचं असतं गं."

"...या शुक्रवारी मी येऊ ऐकायला?"

"ये की. पण मधे बोलायचं नाही हं."

"नाही बोलणार, आण्णा. घरी सवयच आहे."