तान्हूबाईची दवंडी

मंडळी, चित्त इकडे द्या! एक प्रश्न विचारतो. ज्याला कधी हाकच मारली नाही, त्याला 'तू आला नाहीस' असं म्हणावं का? - माना हलवू नका, आधी ऐका!

एक गाव होतं. गावाला तलाव, आणि तलावाच्या बांधाला दरवर्षी भगदाड. मग दवंडी - 'घरटी एक गडी बांधावर! जो येईल त्याच्याच वावराला पाण्याची पाळी!' आणि यायचे किती? अठरा! कुणाची कंबर धरली, कुणाचा सासरा आजारी. दरवर्षी तोच सासरा हो!

दवंडी द्यायची तान्हूबाईनं. गावची कोतवाल. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पदरात चार गुंठे वांगी. घरात गडी नाही, म्हणून पाळी नाही! तलाव डोळ्यांसमोर आणि वांगी करपलेली. दुसऱ्याच्या पाण्यासाठी हलगी बडवायची, आपण कोरडंच राहायचं. आतून जळायची बिचारी!

तबलजी, तबल्यावरच हलगी वाजवा जरा... हां!

दोन आळ्यांत तिनं नेमून दिल्याप्रमाणं 'घरटी एक गडी' असंच पुकारलं. स्वतःच्या दाराशी आली आणि जीभच अडली. आपल्याच घराला आपण वगळायचं? नोकरी जाईल, हे कळत होतं तिला. पण बाई मागं फिरली, आणि पहिल्या आळीपासून पुन्हा सुरू! "ऐका हो ऐका! घरटी एक जण! बांधावर या!"

भागीरथी म्हातारी दारातून ओरडली, "एक जण म्हंजी कोण गं?"

"हात असंल ते कुणीबी, आत्ते!"

झालं! सकाळी बांधावर ही गर्दी! पदर खोचलेल्या सुना, सासवा, आणि भागीरथी म्हातारी - दगड उचलायला नव्हे, शिव्या द्यायला! तेही लागतं की कामावर!

तलाव कमिटीचे अध्यक्ष दौलतनाना आले. मिशी थरथरतेय! "तान्हे! मी काय सांगितलं हुतं? कोतवालकी नको झाली का तुला?"

तान्हूबाईनं हलगी बांधावर ठेवली. आणि बोलली. "नाना, बांध फुटला तर पाणी इचारून शिरणार हाय का, हितं गडी राहतो का बाई?"

तेवढ्यात गर्दीतून घमेलं घेऊन कोण आलं? नानांच्या सौभाग्यवती, अनसूयाकाकू! "आपल्या घरचं माझं नाव लिवा. सोळा वर्सं तुमी नुसतंच हुबं ऱ्हाताय!"

अहो, हसून हसून घमेली सांडली लोकांच्या हातातली! दुपारपर्यंत भगदाड बुजलं. कंबर धरलेलेही लाजून आले, आजारी सासऱ्यासकट! नानांनीच पाळ्या लावल्या आणि तान्हूबाईचं नाव घेतलं. चौथ्या दिवशी पाणी वांग्यांत शिरलं. बाई सरीत पाय बुडवून उभी राहिली आणि ढसाढसा रडली. मंडळी, मलासुद्धा इथं भरून येतं.

एक शब्द बदलला हो! बाया तिथंच होत्या, हातही तेच होते. फक्त हाक पोचली नव्हती.

आता तुमच्याकडे वळतो. पळू नका! उद्या काल्याचा महाप्रसाद. दरवर्षी माझ्याच तोंडची दवंडी - 'आयाबायांनी पोळ्या लाटायला यावं!' चुकलो मी. कान धरतो. ऐका हो ऐका! उद्या सकाळी सात वाजता, घरटी एक जण, लाटणं घेऊन!

का हो टाळकरी? टाळ का थांबला? तुमच्या घरचं नाव कुणाचं लिहू?

हं... स्वतःचंच सांगताय? आता आली हाक कानावर! चला, म्हणा सगळे - विठ्ठल, विठ्ठल!