परवानगीसाठी एक सही

निसर्गोपचार केंद्राच्या बाहेरच्या खोलीत मी नंबरची वाट पाहत बसलो होतो. काउंटरवरची मुलगी माझ्या शेजारच्या बाईंपुढे पेन घेऊन आली.

“ताई, आमच्या डॉक्टरांसाठी एक सही द्याल?”

“देते की! माझ्या सासूबाईंना त्यांनीच तर चालतं केलं. कशासाठी हवीय?”

“निसर्गोपचारवाल्यांनाही इंजेक्शन, सलाईन द्यायची कायद्याने परवानगी मिळावी म्हणून. लोक पाठीशी उभे राहिले तरच सरकार ऐकेल.”

“मिळावी म्हणजे? आत्ता नाहीये?”

“नाही ना! केवढा अन्याय आहे बघा.”

“अगं बाई! मग आत सासूबाईंना आत्ता सलाईन लावलंय, ते काय आहे?”

“हळू बोला हो, ताई. त्यासाठीच तर सही मागतेय.”