जांभळीचा तुकडा

नाही नाही, बसत नाही — उभ्याउभ्या दोन शब्द बोलतो आणि निघतो. पाणीबिणी नको. बरं, आणलंच आहेस तर ठेव तिथे. आणि असा दारात खांबासारखा उभा राहू नकोस रे बारक्या, आत ये, तुझंच घर आहे. दाजी तीन वर्षांनी आले म्हणून एवढं दचकायला काय झालं? भूत बघितल्यासारखा चेहरा झालाय तुझा. वजन वाढलंय हं — आता बारक्या म्हणायची मलाच लाज वाटते. मी? मी आहे तसाच आहे. वाळलोय? असेन. काम होतं म्हणून आलो. आज तुझं चष्म्याचं दुकान बंद, तू घरी सापडशील, म्हणून आजच. तुझ्या ताईला सांगितलेलं नाही, तिला सांगितलंय केस कापायला जातो — हो, माहितीये, कापायला उरलेत किती ते, हसू नकोस. आणि आधीच एक स्पष्ट करतो — मी भांडण मिटवायला आलेलो नाही. भांडण आपल्या जागी आहे. माझं काम वेगळं आहे.

टँक गेला. ऐकलं असशीलच, त्या मासेवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. चौदा वर्षांचा टँक, समुद्रातले मासे नि कोरल, भिंतभर, आणि एका रात्रीत साफ. सहा आठवडे झाले. तुला काय सांगायचं, तुला तर मीच शिकवलंय — खाऱ्या टँकमधलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून जेवढं उडालं तेवढं साधं पाणी रोज घालायचं. त्या साध्या पाण्याच्या पिंपात मी चुन्याची निवळी घालतो, कोरलची हाडं भरायला. सगळं आपोआप — पाणी खाली गेलं की तरंगता गोळा खाली येतो, पंप सुरू. पाणी वर आलं, गोळा वर, पंप बंद. तर त्या गोळ्यावर एक गोगलगाय चढून बसली. का बसली? तिला विचार! गोळा काही वर येईना, पंपाला वाटलं पाणी कमीच आहे, आणि पिंपातला सगळा चुना आत. सकाळी दिवे लावायला गेलो तर टँकमध्ये टँक नाही — दूध! बारक्या, मी तीस वर्षं वजनमापं खात्यात काढली, तागडीच्या बुडाला चिकटवलेलं मेण बोटानं शोधून काढलं, वाणी मला बघून शटर ओढायचे — आणि माझ्याच घरात एका गोगलगायीनं मला चुना लावला. दोन मासे तेवढे बादलीत टाकून वाचवले. कोरल एकूण एक गेली. पांढरी पडली, मग तपकिरी, मग वास. आणि ती गोगलगाय? ठणठणीत! तिला काय धाड भरलीय.

खरं म्हणजे ती दिसायला हवी होती मला. तो गोळा असतो त्या टँकखालच्या कपाटात आदल्या संध्याकाळी वाकून बघितलं होतं मी, रोज बघतो, वहीत तशी खूण आहे. गोळ्यावर काळं काहीतरी दिसलं, मला वाटलं शेवाळ. या चष्म्यातून हल्ली सगळंच शेवाळ दिसतं. काय? हो, तोच आहे. तूच केलेला. पाच वर्षं झाली त्याला. नंबर बदललाय, कळतं ना मला, पेपर वाचताना हात पुरत नाही आता — पण दुसऱ्या कुणाकडे कशाला जाऊ? दुसऱ्याला माझं नाक माहीत नाही. माझा डावा कान अर्धं बोट वर आहे, हे तू न सांगता ओळखलं होतंस, दुसरा माझ्या डोक्यावर वाकडी काडी ठेवून मोकळा होईल. काढू नकोस, काढू नकोस, चष्म्यासाठी नाही आलो मी. विषय बदलू नकोस.

जांभळीचं बोलायला आलोय. बाकीची कोरल गेली त्याचं एवढं नाही, पण त्यातली जांभळी — तू बघितली होतीस ना, आणली तेव्हा करंगळीएवढी काडी होती. आठ वर्षांत ताटाएवढी झाली. हिरव्या फांद्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तो जांभळा ठिपका, निळ्या दिव्यात पेटल्यासारखा. लोक बघायला यायचे. मागायचेही. मी देत नव्हतो, ते माझं तत्त्व होतं. आता या छंदातल्या लोकांची एक रीत आहे, माहीत आहे मला — चांगलं कोरल असलं की फांदी तोडून चार घरी द्यायची, म्हणजे आपल्याकडचं गेलं तरी कुणाकडून तरी परत येतं. मासेवाला मला दर खेपेला ऐकवायचा, साहेब, वाटलं तेवढंच आपलं. मी म्हणायचो, ही म्हण फुकट्यांनी काढलीय. आणि तुला तर मी नाही म्हटलंच नव्हतं! तुला म्हटलं होतं, हात बसू दे, मग देतो. चार वर्षं म्हटलं? चार? बरं, असेल, तुझा हात बसायला वेळ लागत होता. तुझी ताई माझ्या मागे भुणभुण लावायची — अहो, एक तुकडा द्या की त्याला, दर रविवारी बादल्या उचलतो बिचारा. मी म्हणायचो, तू यात पडू नकोस.

आणि मग तो आमच्या धाकटीचा वाढदिवस. सगळे जेवायला बसले आणि तू पंधरा मिनिटं गायब. आलास तेव्हा उजवी बाही कोपरापर्यंत ओली. दुसऱ्या दिवशी बघतो तर जांभळीची वरची फांदी नाही. आता मी पुरावा बघून बोलणारा माणूस — ओली बाही आणि गायब फांदी, यात तपासायचं काय उरलं? फोन केला. तुझ्या बायकोनं तो स्पीकरवर टाकला याला मी काय करू? चोर म्हटलं. हो, म्हटलं. पोरांनीही ऐकलं, ठाऊक आहे मला, मागे कुणाचा तरी चमचा खाली पडला होता. पण तू साधं नाहीसुद्धा म्हणाला नाहीस! नुसता, बरं दाजी, ठेवतो, म्हणालास. जो माणूस नाही म्हणत नाही त्याच्याबद्दल मी काय समजायचं?

असो. तर परवा मासेवाला म्हणाला, साहेब, तुमच्या मेहुण्याकडे ती कोबीच्या गड्ड्याएवढी झालीय. दोन रात्री झोपलो नाही मी. म्हणजे जगात तेवढी एकच उरली — आणि ती चोरली होतीस म्हणून उरली! तत्त्व पाळलं ते माझ्याकडे मेलं आणि चोरून नेलं ते नांदतंय, आता याला काय म्हणायचं? तर — स्पष्टच बोलतो, फिरवून बोलायला मला येत नाही — मला एक तुकडा हवाय. करंगळीएवढा. पाणी आता ठीक आहे, तीनदा बदललंय, रोज तपासतो, वही आणलीय दाखवायला. तू म्हणशील, हात बसू दे दाजी, मग देतो. म्हण. तुझा हक्क आहे. मी काय — काय म्हणालास? देतोस? असं लगेच? अरे, जरा आढेवेढे तरी घे! मी घरून तयारी करून आलो होतो, तू नाही म्हटल्यावर काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं, आता त्याचं काय करू?

बरं, घेतो मग पाणी. दे इकडे.  खरं सांगू का — टँक नव्यानं भरताना तुझी आठवण झाली. म्हणजे बादल्यांमुळे. तू बादल्या आणायचास, मी मीठ मोजायचो, तू म्हणायचास दाजी, दोन चिमट्यांनी समुद्र बुडत नाही, आणि मी तुझ्यावर ओरडायचो. आता एकटा करतो. पाठ धरते. पाठीचं काही नाही रे, पण ओरडायचं कुणावर? मीठसुद्धा दोनदा मोजतो हल्ली, मधे कुणी बोलत नाही तरी आकडा विसरतो. तुझ्या दुकानावरून जातो कधीकधी, पलीकडच्या बाजूनं. परवा तू एका म्हाताऱ्याला चष्मा घालून बघत होतास, त्याचे कान नीट करत होतास, हसत होतास — मला असा राग आला! कसला, ते विचारू नकोस. तुकडा तोडायला पक्कड घे तू, चल.

घे सावकाश, मी इथूनच बघतो. छान ठेवलायस टँक. काच स्वच्छ आहे. खारटपणा किती? पस्तीस? वा. ही बघ, आली की माझी बाई — अरे, काय वाढलीय! कोबी काय, त्याहून मोठी. उजव्या बाजूची काप, तिथे दाटी झालीय. हां. आणि हे खाली कोपऱ्यात काय — बटण-कोरल, नारिंगी बटणं, मधे हिरवा डोळा. छान आहेत. माझ्याकडे होती अशीच, गेल्या वर्षी आणली. तू कुठून — थांब. ही चिकटवलीत कशावर? थांब, चष्मा पुसू दे. हा तर कप आहे. बारक्या, हा माझा कप आहे! निवृत्तीला ऑफिसनं दिलेला, सोनेरी अक्षरांत ‘शुभेच्छा’. फुटला तेव्हा मी म्हटलं वाया कशाला घालवायचा, आणि दोन तुकड्यांवर बटणं चिकटवली. ‘च्छा’ माझ्याकडे आहे. ‘शुभे’ मला वाटलं दगडामागे पडलं, मी हात घालून घालून शोधलं ते! तू तर तीन वर्षांत माझा उंबरा चढला नाहीस. मग माझं ‘शुभे’ तुझ्या टँकमध्ये कसं?

पक्कड खाली ठेव. ठेव, आणि इकडे बघ माझ्याकडे. घराला किल्ल्या दोन. एक ही, माझ्या खिशात. आणि दुसरी तुझ्या ताईकडे — ती दर गुरुवारी मैत्रिणीकडे विणकाम शिकायला जाते! पिशवीत स्टीलचा डबा. मी विचारलं एकदा डब्यात काय, तर म्हणे लोकर. डब्यात लोकर! आणि मी, ज्यानं आख्ख्या बाजाराला घाम फोडला, मी म्हटलं, बरं. तीन वर्षं शिकतेय आणि घरात एक मोजा आला नाही रे! मला वाटलं, बिचारीचा हात जड आहे, कशाला बोलायचं. गोगलगाय नि पोटात पाय — दोघंही तसलेच, बहीण तशी भाऊ! म्हणजे त्या वाढदिवसालासुद्धा फांदी तिनं तोडली? आणि तू भांडं धरलंस. ते हिंदकळलं, बाही भिजली. झालं, तपास पूर्ण.

पण मग एक शब्द बोलायचास ना, गाढवा! ताईनं दिली — एवढंच. मी तुला चोर म्हटलं, बायकोसमोर, पोरांसमोर, आणि तू फोन ठेवलास. का? बोल ना आता तरी. हं. हो. भांडलो असतो मी तिच्याशी. भांडलो असतो काय, घर डोक्यावर घेतलं असतं, वर्षभर धुमसलो असतो. तुझ्याशी काय, पलीकडच्या बाजूनं जाता येतं, तिला रोज माझं तोंड बघायचं होतं. म्हणून तू अंगावर घेतलंस. आणि ती! टँक गेला त्या दिवशी मी लहान पोरासारखा रडलो आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. मला वाटलं काय कठोर बाई आहे. पाठीवर हात ठेवून म्हणते, सगळं परत होईल, तुम्ही फक्त एकदा बारक्याकडे जा. मी म्हटलं, चोराच्या दारात? उठून आत गेली ती. तिथे रडली असेल. टँकसाठी नाही.

रागावलोय का? हो. म्हणजे — थांब, बघू दे. यायला हवा राग, येत नाहीये. हसू काय येतंय मला, डब्यात लोकर! चुकलो रे बारक्या. ऐकलंस ना? परत नाही म्हणणार. बरं, म्हणतो, चुकलो. पोरं कुठायत? शाळेतून आली की त्यांच्यासमोर म्हणतो, चोर त्यांनीच ऐकलं होतं, आता हेही ऐकू दे. आणि तुझ्या बायकोला सांग, स्पीकर लाव. तू मगापासून त्या घड्याळाकडे काय बघतोयस पण? मला वाटत होतं म्हातारा टळावा म्हणून बघतोयस, आणि आज वार कुठला — अरे बापरे. गुरुवार.

वाजली बेल. नको, तू उठू नकोस, दार मी उघडतो. बस म्हटलं ना! तीन वर्षं गप्प बसलास, अजून दोन मिनिटं बस.