शिवेवरची कोंबडी

व्यंकटराव : आणि तिच्या आधी कोणती मेली?

सरजाबाई : आधी पांढरी. मंग दुसरी पांढरी. मंग तिसरी. समद्या पांढऱ्याच व्हत्या, सायेब. तुमीच दिलत्या की.

व्यंकटराव : मी नाही, सरकारनं दिल्या. मी फक्त जीपमधून उतरवल्या. मरताना काय दिसलं?

सरजाबाई : मान अशी पाठीवर जायची. हिरवं हागवन. चोच वासून दम घ्यायच्या, अन् पडायच्या. पैल्या दोघींला रडले. मंग रडायचं ध्यानातच ऱ्हायना. खड्डा करायचा, टाकायची, माती वढायची.

व्यंकटराव : मानमोडी. आमच्या खात्यात तिला राणीखेत म्हणतात.

सरजाबाई : नाव चांगलं हाय.

व्यंकटराव : लस आली होती हिच्यावर. पाथरीच्या दवाखान्यात लस आली तेव्हा बर्फ नव्हता. बर्फ मिळाला तेव्हा थर्मास साहेबांबरोबर दौऱ्यावर होता, चहा घेऊन. थर्मास परत आला तोवर लस गरम झाली.

सरजाबाई : चहा तरी गरम ऱ्हायला आसल.

व्यंकटराव : राहिला. साहेब खूश होते. आता वरून हुकूम आलाय की रोगावर नजर ठेवा. कुठून आला, कुठं चालला. कोंबड्या, बदकं, रानातली पाखरं, सगळ्यांवर.

सरजाबाई : नजर ठिवून काय व्हतं?

व्यंकटराव : कळतं.

सरजाबाई : मेल्यावर?

व्यंकटराव : बहुतेक मेल्यावरच. कावळे, साळुंक्या, पारवे, कुणी पडलेलं दिसलं का?

सरजाबाई : गंगंच्या काठाला दोन कावळे पडले व्हते म्हनं. मी न्हाई बघितले. मी मपल्याच पुरायलते.

व्यंकटराव : आणि ह्या चिंचेवरचे बगळे?

सरजाबाई : त्यास्नी काय धाड भरली? पिल्लं झालीत. दिसभर कलकल करायलेत. वस्तीत ही चिंच तेवढी ऱ्हायली बगा. आगीत येका अंगानं करपली, पर जगली.

व्यंकटराव : गेल्या साली ना? मी त्या वेळी रजेवर होतो.

सरजाबाई : समदेच रजंवर व्हते, सायेब. पोलीस बी. नाव बदलायचं व्हतं म्हनं तिकडं औरंगाबादच्या मोठ्या शाळंचं, अन् पेटली हितं आमची कुडं. मंग सरकार आलं. पत्रे देतो म्हनलं. वाट बघितली, तर आल्या कोंबड्या.

व्यंकटराव : पत्रे दुसऱ्या खात्याकडं होते.

सरजाबाई : आसतीन.

व्यंकटराव : मग डालग्याखाली ही कोण? ही तर लाल आहे. देशी.

सरजाबाई : ती हाय आशीच. खुडूक बसलीय. हात नका घालू, टोचती.

व्यंकटराव : अख्ख्या गावात पीस राहिलं नाही आणि ही मजेत अंडी उबवतेय. मान वाकडी आहे हिची.

सरजाबाई : आली तवापासूनच वाकडी हाय.

व्यंकटराव : आली? कुठून आली?

सरजाबाई : कुठून येती कोंबडी? अंड्यातून.

व्यंकटराव : सरजाबाई, हिच्या पायात हिरवं सूत आहे. मांसात रुतलंय.

सरजाबाई : आसंल.

व्यंकटराव : मी ढोरांचा डॉक्टर असलो तरी माणसांच्या गावात वाढलोय. मरीआईच्या गाड्यातल्या कोंबडीला असं सूत बांधतात.

सरजाबाई : तुमाला मालूम हाय तर मला कामून इचारायलाव?

व्यंकटराव : मला हकीकत लागते. मी कुणाला सांगणार नाही.

सरजाबाई : सांगितलं तर काय? तुमी पाथरीला जाताल. मी हितंच ऱ्हानार. बरं, ऐका. आखाडात उमरगव्हाणात कोंबड्या मरायलत्या. त्यांनी आईचा गाडा केला, लाकडाचा, यवढासा. खण, बांगड्या, नारळ, अन् ही. रोग घिऊन जा म्हनून गाडा आमच्या शिवंवर आनून ठिवला. मी सरपनाला गेलते. ही उन्हात पाय बांधून पडल्याली, चोच वासून. आमी देव सोडले ते छप्पन सालीच. मंग देवाची कोंबडी म्हनून भ्यायचं कामून? सोडली अन् आनली पदराखाली.

व्यंकटराव : तेव्हाच मान वाकडी होती?

सरजाबाई : व्हती. मला वाटलं बांधून आखडली. आन् खरं सांगू, मला खुडूक पायजेच व्हती. तुमच्या पांढऱ्या अंडं घालायच्या अन् उठून जायच्या. बसायचं नावच न्हाई.

व्यंकटराव : त्या जातीत बसणं नाही. सरकारनं मुद्दाम तशी निवडलीय.

सरजाबाई : सरकारीच ती. मंग त्यांची अंडी हिच्याखाली घातली. आधीची तिनं चेंदली, आताची नीट उबवायलीय.

व्यंकटराव : सरजाबाई, तुमची काही चूक नाही. तुम्ही देवीला भ्यायला नाहीत ते बरोबरच. पण त्या गाड्यात देवी नव्हती, रोग होता. ही कोंबडी आजारातून उठलेली आहे. मान त्यानंच वाकडी झालीय. अशी कोंबडी स्वतः जगते आणि दुसऱ्यांना देते.

सरजाबाई : म्हंजी मपल्या पांढऱ्या हिनं मारल्या.

व्यंकटराव : हो.

सरजाबाई : अन् गावातल्या?

व्यंकटराव : तुमच्याकडून गावात गेला असणार. कोंबड्यांना वस्ती आणि गाव वेगळं कळत नाही.

सरजाबाई : त्यांला न्हाई कळत. लोकांला कळतं. हे जे तुमी आता म्हनलाव, ते तुमी रोग म्हनताव. गावाला कळलं तर गाव काय म्हनंल? वस्तीवाल्यांनी आईची कोंबडी पळवली, आई कोपली, समद्या गावाच्या मेल्या. मंग तुमाला परत रजंवर जावं लागल.

व्यंकटराव : (डालग्याशी हात थांबतो. पाणंदीतून किशनराव पोलीस पाटील येताना दिसतात. पाऊस नाही, तरी छत्री उघडी. चिंचेवर बगळे असले की गावातली माणसं वस्तीत छत्री घेऊन येतात. नोकरीत व्यंकटरावांनी कोंबडी कधी मांडीवर घेतली नव्हती. आता घेतात आणि तिचा हिरव्या सुताचा पाय मुठीत धरतात.) तुमची लेक कुठं दिलीय, सरजाबाई?

सरजाबाई : पंचफुला? डोहवाडीला. पलीकडचं गाव. का वो?

किशनराव : राम राम, डागदरसायेब! चावडीवर खुर्ची मांडून बसलो मी, अन् तुमी हितं?

व्यंकटराव : रोग इथं आहे, पाटील.

किशनराव : रोग कुठं न्हाई? मपली शेवटची तलंग काल गेली. परवा जावई यायलाय. त्याच्या पुढं काय ठिवावं, दोडका? बरं कोंबड्याचं जाऊ द्या, कावळे मरायलेत. पितरपाट तोंडावर आला. कावळाच न्हाई तर घास शिवायचा कोनी? माझा म्हातारा जिता आस्तानाच लय तापट व्हता.

व्यंकटराव : सगळे कावळे मरत नाहीत.

किशनराव : तुमी लिहून देता का तसं? ऱ्हाऊ द्या. सरजे, तुझ्याकडं येक लाल कोंबडी हाय म्हनं. गावात तीच येक जित्ती हाय. दे ती. गाडा पुढं काढायचाय.

सरजाबाई : गाडा कुठंय, पाटील?

किशनराव : शिवंवरच हाय की, पडल्याला. वढायला मानूस मिळंना. पैले तुमचेच लोक वढायचे, कसली कटकट नव्हती. आता तुमी बुद्धाचे झालाव. चांगलंय, आमचं काय म्हननं न्हाई. पर गाडा कोनी वढावा?

व्यंकटराव : आणि कोंबडी कशाला? गाड्यात असतेच ना एक?

किशनराव : तिथंच तर गोम हाय! उमरगव्हाणवाले लबाड, सायेब. गाडा ठिवला, खण हाय, बांगड्या हायत, नारळ हाय, कोंबडीच न्हाई! बिनकोंबडीचा गाडा! आई काय पायी जानार हाय? म्हनून ती हितंच बसली ठाण मांडून. आता आमी कोंबडी घालून डोहवाडीच्या शिवंवर नेऊन ठिवतो.

व्यंकटराव : म्हणजे रोग डोहवाडीला.

किशनराव : तिथून ते बघतीन कुठं न्यायचा. आपल्या हद्दीतून भाईर गेला की आपला समंध मिटला.

व्यंकटराव : आमचे साहेबही हेच म्हणतात.

किशनराव : हुशार मानूस दिसतो. दे गं सरजे. का सायेबांनीच धरलीय तुझ्यासाठी?

सरजाबाई : सायेबाला इचारा.

व्यंकटराव : ही मिळणार नाही, पाटील. सरकारजमा झालीय.

किशनराव : सरकारला कोंबडी?

व्यंकटराव : तपासणीला. पुण्याला जाईल.

किशनराव : पुण्याला! नशीब काढलं. मंग आमच्या गाड्यात काय ठिवावं?

व्यंकटराव : नारळ आहे ना. त्यानं भागवा.

किशनराव : नारळानं आई फसत न्हाई, सायेब. बरं, सरकारपुढं कोन बोलतंय. पर येक काम करा. हा रोग आला कुठून तेवढं सांगा. गावात लोक काय बी बोलायलेत. कोनी म्हनतंय आई कोपली. कोनी म्हनतंय हिच्या सरकारी कोंबड्यांनी आनला. पोरं गरम झालीत. गेल्या सालासारखं काय झालं तर मलाच जबाब द्यावा लागतो. मला येक नाव द्या, म्हंजी चावडीवर सांगून मोकळा व्हतो.

सरजाबाई : पानी देऊ का, सायेब? आमच्या हातचं चालत आसंल तर.

व्यंकटराव : द्या.

किशनराव : नाव, सायेब.

व्यंकटराव : बगळ्यांनी आणला.

किशनराव : कोनी?

व्यंकटराव : बगळ्यांनी. रानपाखरं आणतात असा रोग. गोदागंगेपलीकडून येतात ते. बीड जिल्ह्यातून.

किशनराव : बीड! मला वाटलंच व्हतं.

व्यंकटराव : तसंच कळवणार आहे मी वर. वस्तीचा काही संबंध नाही, गावाचा नाही. परजिल्ह्यातला रोग.

किशनराव : वा, मिटलं मंग! सरकारनं येक तरी नीट सांगितलं. म्हंजी हेच की, ह्या चिंचंवरचे.

व्यंकटराव : हेच, असं नाही. एकूण बगळे. पुष्कळ असतात.

किशनराव : गावात बगळे हायतच कुठं दुसरीकडं? समदा बाजार हितंच. छत्री बगा माझी. पोरांचं टाळकं गरमच हाय, त्यास्नी कुऱ्हाडी देतो. उद्या सकाळच्याला चिंच आडवी. आपुआप गार व्हतीन.

व्यंकटराव : पाटील, झाड तोडून रोग जात नाही.

किशनराव : आता तुमीच म्हनलाव बगळे म्हनून. का दुसरं नाव हाय?

व्यंकटराव : नाही. दुसरं नाही.

किशनराव : मंग? सरजे, लाकूड तुमीच ठिवा वस्तीवाल्यांनी. कुडाला लागल. उद्या म्हनू नका, गाव आमचं काय बघत न्हाई म्हनून. येतो सायेब. सायेबाला राम राम सांगा तुमच्या.

सरजाबाई : गेले. पानी घ्या.

व्यंकटराव : मी जातो त्यांच्या मागं. सांगतो, बगळ्यांचा संबंध नाही, चुकून बोललो.

सरजाबाई : मंग कोनाचा हाय म्हनून इचारतीन.

व्यंकटराव : तेही खरं.

सरजाबाई : बसा. पानी प्या आधी.

व्यंकटराव : मला ऐनवेळी दुसरं काही सुचलं नाही, सरजाबाई.

सरजाबाई : सुचलं ते बरं सुचलं. बीड तर लय चांगलं सुचलं.

व्यंकटराव : आता वरचे साहेब बगळ्यांवर नजर ठेवा म्हणतील. मला झाडाझाडाखाली उभं करतील.

सरजाबाई : छत्री घ्या मंग. अन् ही खरंच पुण्याला जायची का?

व्यंकटराव : नाही. बर्फ नाही, थर्मास नाही. वाटेतच सोय लावीन. खोल पुरीन. पण ही इथं ठेवता येणार नाही. राहिली तर आज ना उद्या गाड्यात जाईल, आणि डोहवाडीला...

सरजाबाई : समजलं. पंचफुलाकडं बी पाच-सहा हायत. घाला पिशवीत. अन् अंडी?

व्यंकटराव : तीही पुरून टाका. चुना असला तर वरून घाला.

सरजाबाई : आतून टोच मारायलेत. सकाळपासून. कानाला लावून बगा.

व्यंकटराव : नको.

सरजाबाई : बरं.

व्यंकटराव : बगळे जातील उडून. दुसरं झाड बघतील.

सरजाबाई : मोठे जातीन. पिल्लांला पंख कुठं हायत अजून? गेल्या साली आमी लेकरं काखंला मारून पळालो अन् हायब्रीड जवारीच्या रानात जाऊन बसलो. पाखराला काख नसती, सायेब.

व्यंकटराव : (कोंबडी पिशवीत घालतात.)

सरजाबाई : निघा आता, यष्टी चुकल. पिशवीचं तोंड जरा ढिलं धरा. तिला दम लागतो.