आमच्या कोचला काय वाटतं

...आणि मला हे कळावं कुठं, तर दुकानात, बटाटे घेताना! गल्ल्यावरची जोलीन म्हणते, "मिसेस हॅल्बर, आता तुमची मजा आहे बाई! कोच दिवसभर घरी!" मी म्हटलं, "का गं, त्याला काय झालं?" तर म्हणे, "अय्या, तुम्हाला माहीतच नाही? कॉलेजनं फुटबॉल बंद केला ना, सोमवारी!" सोमवारी! आणि तो दिवस शुक्रवारचा! चार दिवस हा माणूस माझ्यासमोर बसून मीटलोफ खातोय, वर केचप मागतोय, आणि तोंडातून चकार शब्द नाही!

घरी येऊन पिशवी आपटली. "डर्विन, मला का नाही सांगितलंस?" तर म्हणतो, "तू विचारलं नाहीस." आता मला सांगा, रोज संध्याकाळी नवऱ्याला काय विचारायचं, 'काय रे, आज नोकरी आहे ना तुझी?' असं? बरं, कॉलेजच्या प्रेसिडेंटबाईंनी बोलावून सांगितलं तेव्हा हा काय म्हणाला असेल? "ठीक आहे." एकतीस वर्षांची कोचगिरी संपली, आणि म्हणे ठीक आहे!

तुम्हाला सांगते, हे त्याचं कायमचंच. आयोवातलं आमचं आठशे पोरांचं कॉलेज, तिथं ह्या हेल्मेट घालून खेळायच्या फुटबॉलचा कोच म्हणजे काय नुसता शिट्टी फुंकणारा? गवत हाच कापणार, पांढऱ्या रेघा हाच मारणार, बस हाच चालवणार, आणि त्या घामेजलेल्या जर्स्या... पहिली सहा वर्षं माझ्या मशीनमध्ये! मुलगी झाली त्या शनिवारी हा बाहेरगावी मॅचला. फोनवर म्हटलं, "अरे, मुलगी झाली!" तिकडून, "ठीक आहे." शेजारच्या कॉलेजचा कोच ट्रॅस्क, त्याच्या टीमनं आम्हाला बासष्ट-शून्यनं हाणलं, गावातले लोक नजर चुकवायला लागले, मी विचारलं, "कसं वाटतंय?" तर, "ठीक आहे." अहो, दगडसुद्धा जरा हलला असता!

पण पुढं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी हा फोन घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. टीममध्ये एकेचाळीस पोरं. प्रत्येकाच्या आईला ह्यानं, तिच्या घरी जेवून, शब्द दिलेला की तुमचा पोरगा चार वर्षं खेळेल. मग आता बाकीच्या कॉलेजांच्या एकेक कोचला फोन, की माझी पोरं घ्या. कोणाला? ज्यांनी ज्यांनी ह्याला हरवलंय त्यांना! म्हणजे झाडून सगळ्यांना! तीन आठवडे टेबल अडलेलं, मी भाजी चिरायची कुठं, इस्त्रीच्या फळीवर?

ट्रॅस्कचा आवाज तर फोनमधून भिंतीवर आदळतो. "डर्विन, नऊ पोरं घेतो तुझी! पण तो बॉलला लाथ मारणारा किकर नको रे बाबा. आपल्याच माणसाच्या पाठीत बॉल मारतो तो!"

डर्विन म्हणाला, "मग एकही नको."

"अरे, एवढं काय आहे त्याच्यात?"

"काही नाही. वाईटच मारतो. पण त्याच्या आईला मी शब्द दिलाय."

आवाज नेहमीसारखाच, सपाट... पण हातातल्या पेन्सिलीचे दोन तुकडे! ट्रॅस्कनं दहा घेतली. मी विचारलं, "तुला काही होतंय का रे?" "ठीक आहे," म्हणाला, आणि दोन्ही तुकड्यांना टोक काढत बसला.

एकेचाळीसच्या एकेचाळीस पोरं मार्गी लागली, सहा कॉलेजांत. निरोपाच्या जेवणाला सगळे रडले, प्रेसिडेंटबाईसुद्धा रडल्या... स्वतःच बंद करून! हा उभा राहिला, म्हणाला, "चिकन चांगलं होतं," आणि बसला.

मी मनात म्हटलं, जाऊ दे, आता शनिवार तरी माझे. सप्टेंबरातल्या पहिल्याच शनिवारी म्हटलं, माझ्या बहिणीकडे जाऊ, तळ्यावर. "ठीक आहे," म्हणाला, आणि गाडी नेऊन उभी कुठं केली? ट्रॅस्कच्या मैदानावर! बसलो त्या पत्र्याच्या बाकावर. आणि आमचा तो किकर आला, त्यानं मारला... गेला की बॉल खांबांमधून! अख्खं मैदान उठलं, हा बसलेला. मी म्हटलं, "डर्विन, आता तरी सांग, कसं वाटतंय?"

मग म्हणाला, "कळत नाही."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा वेगळं उत्तर! मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला... आणि ह्यानं खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. सहाही कॉलेजांच्या मॅचेस, नोव्हेंबरपर्यंतच्या, कुठून कुठं जायचं त्याच्या बाणांसकट!

आधी आठवड्याला आमची एकच टीम हरायची. आता सहा आहेत.