रागिणीचा उत्तरदाता

क्षितिजा : पेन खाली ठेवा, बाबा. आधी मला उत्तर द्या, मग सही करा.

रघुनाथ : अगं, तुझ्या त्या रागिणीला उद्या फाइल जमा करायची आहे नं? मुलाखत मी दिली, संमतीपत्रावर सही मीच करणार. यात तुझं काय अडून राहिलं?

क्षितिजा : माझं काय अडलं? मॅडमनी आज चौथ्या तासाला, तपासायला दिलेलं तिचं प्रोजेक्ट वाचून दाखवलं. अख्ख्या वर्गापुढे.

रघुनाथ : मग चांगलंच आहे की. नाव तर बदललं तिनं. वामन ठेवलं म्हणे. वामनला कोण ओळखते?

क्षितिजा : मी ओळखते! समाजशास्त्राचं प्रोजेक्ट, बदलीच्या नोकरीतली कुटुंबं, स्वतःच्या घरातला उत्तरदाता चालणार नाही हा मॅडमचा नियम. म्हणून आम्ही घरं बदलली. मी तिच्या आईला विचारलं, तिनं तुम्हाला. हे सगळ्या वर्गाला माहितीये. वामन म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

रघुनाथ : लाजायसारखं काही बोललो नाही मी.

क्षितिजा : पिंजौरची बस!

रघुनाथ : ते होय.

क्षितिजा : पहिलं वर्ष तुम्ही इथे एकटे होतात. आम्ही भोपाळला. माझी आठवी संपायची होती म्हणून. आणि दर रविवारी तुम्ही इथून जवळच्या पिंजौर गावाच्या बसमध्ये बसायचात, तिथे चहा घ्यायचात आणि त्याच बसनं परत यायचात. खोलीत कोणी नसायचं, बसमध्ये निदान कोणीतरी शेजारी बसतं म्हणून. बाबा, लास्ट बेंचवरची मुलंसुद्धा पुढे सरकून बसली यार. आणि मी तिथे बसून पहिल्यांदा ऐकत होते. माझ्याच बाबांचं.

रघुनाथ : तिनं विचारलं, मी सांगितलं.

क्षितिजा : मी कधी विचारलं नाही?

रघुनाथ : तू विचारतेस नं. वायफाय काहून बंद आहे, गीझर कोणी लावला.

क्षितिजा : हसू नका. मला खरंच राग आलाय. तिच्या आईनं मला काय सांगितलं माहितीये? एअर फोर्सच्या बदल्यांमध्ये लोखंडी ट्रंका कशा भरायच्या. दीड पान! लीना मावशी फार गोड आहेत, सरबत दिलं, पण दीड पान. आणि तुम्ही? घरी 'हं' आणि 'बरं'च्या पुढे जात नाही. तिला अकरा पानं. जळतेय मी. हो, जळतेय. लिहून घ्या.

रघुनाथ : परक्या पोरीशी बोलणं सोपं जाते, बापा. ती वहीत पाहते. आपल्या तोंडाकडे पाहत नाही.

क्षितिजा : मग मीही वहीत बघते. सांगा. सगळ्यात शेवटी एक ओळ होती. वामन यांना नऊ वर्षं मागितल्यावर गावी बदली मिळाली, त्यांनी ती घरगुती कारणासाठी रद्द करवून घेतली. कसलं कारण?

रघुनाथ : जुनी गोष्ट आहे.

क्षितिजा : ती नागपूरची ऑर्डर?

रघुनाथ : तू दहावीत होतीस तेव्हा.

क्षितिजा : पण ती तर ऑफिसनंच रद्द केली होती! आई दोन दिवस जेवली नव्हती. ऑर्डर निघणार म्हटल्यावर आत्यानं तिथे आपल्यासाठी घरसुद्धा बघून ठेवलं होतं.

रघुनाथ : नयनाला मी तसंच सांगितलं.

क्षितिजा : म्हणजे आईला खोटं, मला काहीच नाही, आणि रागिणीला खरं. वा! तिला विचारलं मी, कसलं घरगुती कारण? तर म्हणते, सांगता येणार नाही, उत्तरदात्याला शब्द दिलाय. माझे बाबा आणि हिचा शब्द!

रघुनाथ : बरोबरच बोलली ती.

क्षितिजा : तिचीच बाजू घ्या. तिलाच मुलगी करा. मी नाही करू देणार सही. फाडून टाकते हा कागद.

रघुनाथ : फाड. तू म्हणशील तर नाही करत मी सही. पण मग तिचं वर्ष जाईल, ते पाहून घे.

(क्षितिजा कागद हातात धरून उभीच राहते.)

क्षितिजा : कारण सांगा.

रघुनाथ : बस आधी.

क्षितिजा : नाही बसत.

रघुनाथ : ही तुझी पाचवी शाळा. पहिल्या चार शाळांत तू घरी यायचीस, दप्तर टाकायचीस, आणि डबा धुवायला ठेवायचीस. कोणाचं नाव नाही, गाव नाही. मी रोज पाहायचो. इथे आल्यावर सहा महिन्यांनी एक दिवस तू दारातूनच बोलत आलीस. रागिणी असं म्हणाली, रागिणीनं तसं केलं. जेवतानाही तेच. तिसऱ्या दिवशी नयना म्हणाली, ही रागिणी आता आपल्यातच राहायला आली वाटते. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ऑर्डर आली.

क्षितिजा : बाबा...

रघुनाथ : नऊ वर्षं मागून राहिलो होतो मी नागपूर. ऑर्डर खिशात घेऊन घरी आलो, तर तुम्ही दोघी गच्चीवर भूगोल पाठ करून राहिल्या होत्या. हसून हसून नद्या चुकत होत्या. दुसऱ्या दिवशी जाऊन रद्द करवून घेतली. एवढंच.

क्षितिजा : हे तुम्ही रागिणीला सांगितलंत?

रघुनाथ : तोंडातून निघून गेलं. तिनं लिहून घेतलं, मग खोडलं. म्हणे, काका, हे फाइलमध्ये नको, हे क्षितिजाला तुम्हीच सांगा. महिना झाला. रोज म्हणतो, आज सांगतो. काय गं? रडून काहून राहिली?

क्षितिजा : मी आज वर्गात तिला चोर म्हटलं. सगळ्यांसमोर. माझ्या घरातलं चोरून मार्क घेतेस म्हणाले.

रघुनाथ : मग? काय म्हणाली ती?

क्षितिजा : काहीच नाही, बाबा. सगळं माहीत असून काहीच नाही म्हणाली.